परमुलखातील रुग्णसेवा

वैद्यकीय शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी घरात असली, की त्या घरच्या बोलण्यात पूर्वी दोनच विषय असत : परीक्षा कशी गेली, आणि पुढे दवाखाना कोठे काढायचा. अलीकडच्या वर्षांत त्यांत तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. सुट्टीतले तीन-चार आठवडे आफ्रिकेतील, नेपाळातील किंवा दक्षिण अमेरिकेतील एखाद्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काढावेत, असे मुलांच्या मनात येऊ लागले आहे. अशी सोय करून देणाऱ्या संस्थाही आहेत. राहण्याजेवणाचे आणि व्यवस्थेचे शुल्क त्या घेतात. विमानाचे भाडे निराळे.

आमच्या एका वाचक भगिनींनी याच संदर्भात विचारणा केली आहे. त्यांची कन्या वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पूर्व आफ्रिकेतील एका ग्रामीण दवाखान्यात तीन आठवडे सेवेसाठी जाण्याचा तिने ध्यास घेतला आहे. वडिलांचा विरोध आहे. पैशांपेक्षा त्यांना मुलीच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची चिंता वाटते. आजी म्हणतात, सेवाच करायची तर आपल्या खानापूर तालुक्यात खेडी काय थोडी आहेत? या दोहोंच्या मध्ये आई उभी आहे. "पाठवू की नको, एवढेच सांगा," असे त्या लिहितात.

एवढेच सांगणे मात्र सोपे नाही. पाठवावे की न पाठवावे हे ठरविण्यापूर्वी, ती तेथे नेमकी कशासाठी जाणार आहे याचा उलगडा व्हावयास हवा. मुलीच्या मनातील ऊर्मी चांगली आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या वयात पुष्कळांना स्वतःपलीकडचे काही दिसत नाही, त्या वयात तिला दूरच्या रोग्याची आठवण होते, हे घरच्या संस्काराचेच फळ म्हटले पाहिजे. तथापि ऊर्मी चांगली असली म्हणजे कृती हितकर होतेच, असे नाही. आणि वैद्यकात तर कृतीचा भार कर्त्यापेक्षा रोग्यालाच अधिक सोसावा लागतो. म्हणून हा प्रश्न प्रथम रोग्याच्या खाटेवरून पाहू.

त्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. बेळगावाहून गाडीत बसावे आणि मिरजेस उतरावे. विल्यम वानलेस नावाचा कॅनडाचा एक तरुण डॉक्टर 1889 साली या मुलखात आला. 1894 साली मिरजेस त्याचे रुग्णालय उभे राहिले आणि 1928 साली निवृत्त होईपर्यंत तो येथे राबला. तो ख्रिस्ती धर्मप्रसारक मंडळाकडून आला होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण दूरदूरच्या गावांहून माणसे मिरजेस जात ती शस्त्रक्रियेवरील विश्वासाने जात. तो विश्वास वाढण्यास दोन साधी कारणे होती. ज्याने पोट उघडले तो डॉक्टर टाके काढण्याच्या दिवशीही तेथेच भेटे. पुढच्या वर्षी पुन्हा दुखू लागले तरी तेथेच भेटे. आणि आपल्या हातचे कौशल्य त्याने येथील विद्यार्थ्यांना व परिचारिकांना शिकविले. वानलेसवाडी हे गावाचे नाव आजही त्या दीर्घ वास्तव्याची साक्ष देते.

आता क्षणभर अशी कल्पना करा, की मिरजेस तो एक डॉक्टर न राहता दर तीन आठवड्यांनी नवा पाहुणा येत राहिला असता. त्याला मराठी येत नाही, कानडी येत नाही. आदल्या पाहुण्याने काय औषध दिले याची नोंद नाही. त्याचे शिक्षणही अपुरे आहे. आपल्या पणजीने त्याच्यापुढे हात केला असता काय? आपल्या पणजीसाठी जे आपल्याला मान्य झाले नसते, ते दुसऱ्याच्या पणजीसाठी चालेल असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परदेशातील रुग्णसेवा म्हटले, की मराठी माणसाच्या ओठी एकच नाव येते, ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांचे. व्ही. शांतारामांनी 1946 साली काढलेल्या चित्रपटामुळे ते घरोघर पोहोचले. पण त्यांच्या हौतात्म्याचे जेवढे स्मरण आपण ठेवतो, तेवढे त्यांच्या कार्यपद्धतीचे ठेवत नाही. आणि या प्रश्नात उपयोग आहे तो तिचाच.

पहिली गोष्ट अशी, की कोटणीस आपण होऊन गेले नव्हते. त्यांना बोलावणे होते. 1937 साली जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे पथक निघाले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी. 1 सप्टेंबर 1938 रोजी त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. पथकाचे प्रमुख अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. म्हणजे नवख्यांच्या डोक्यावर अनुभवी माणसाचा हात होता.

दुसरी गोष्ट वेळेची. कँटन, हँकाऊ, चुंगकिंग असा प्रवास करीत हे पथक येनानला पोहोचले ते 1939 च्या फेब्रुवारीत. वाटेत काम करीत गेले हे खरे, पण मुक्कामी पोहोचण्यासच पाच महिने लागले. या वाटेवरच कोटणीसांना वडील गेल्याचे समजले आणि तरीही ते पुढे गेले. पथकातील तिघे पुढे क्रमाक्रमाने परतले. त्यांत कमीपणा काही नव्हता. प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे हात लावला होता. कोटणीस आणि बसू राहिले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती भाषेची. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेतून शल्यविद्येचे पाठ देता यावेत इतकी. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून हे आघाडीवरील जखमींवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून 12 नोव्हेंबर 1939 रोजी मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. त्या वेळी त्यांच्या हातात एक काम अर्धे राहिले होते : चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक. मागे राहणाऱ्यांच्या हाती ही विद्या लागावी याचीच त्यांची धडपड होती.

याच धडपडीचे अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारच्या नेपाळात आहे. फ्रेड हॉलोज हे ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ 1985 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कामानिमित्त नेपाळात गेले. तेथे त्यांची सांडुक रुइत या तरुण नेपाळी डॉक्टरांशी गाठ पडली. रुइतांचे वैद्यकीय शिक्षण आपल्याच लखनौला आणि दिल्लीला झाले होते. हॉलोजना दिसले, की कुशल हात येथे आहेत, उणीव आहे ती साधनांची. रुइत त्यांच्याकडे सिडनीस जाऊन शिकून आले. 1993 साली हॉलोज वारले. पुढच्या वर्षी काठमांडूत तिळगंगा नेत्रकेंद्र उघडले आणि तेथेच मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवावयाची भिंगे तयार होऊ लागली. परदेशातून आणताना ज्या भिंगाला शंभराहून अधिक डॉलर पडत, ते दहा डॉलरांच्या आत मिळू लागले. पुढे रुइत स्वतःच इतर देशांतील डॉक्टरांना शिकवू लागले. 2006 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हॉलोजनी स्वतःच्या हातांनी नेपाळात किती डोळे उघडले, हे आज कोणी विचारीत नाही. त्यांची गरजच उरू नये अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि म्हणूनच त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते.

हे वाचून कोणी म्हणेल, की ही थोरामोठ्यांची उदाहरणे. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला त्यांचे माप लावणे अन्यायाचे नाही काय? अगदी बरोबर. तिने कोटणीस व्हावे, असे कोणी म्हणत नाही. आपण तीन आठवड्यांत काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, एवढे तिने ओळखावे. ग्रामीण दवाखान्यात येणारा रोगी डोळ्यांपुढे आणा. एखाद्या वृद्धाचा रक्तदाब वाढलेला आढळतो. पाहुण्यांच्या पेटीतून त्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. पण रक्तदाबाचे औषध वर्षानुवर्षे घ्यावयाचे असते. सोळाव्या दिवशी तो कोणाकडे जाणार? एखाद्याचे गळू कापले जाते. ते पुढे चिघळले तर कापणारा तोवर विमानात बसलेला असतो. ताप किती दिवसांचा, तो थंडी वाजून येतो की कसा, हे साधे प्रश्न दुभाष्यामार्फत विचारावे लागतात, आणि तो दुभाषी म्हणजे बहुधा त्याच दवाखान्यातील परिचारिका असते. तिची स्वतःची कामे तेवढा वेळ खोळंबतात. शिवाय बाहेरचे फुकट औषध येऊ लागले, की गावातल्या डॉक्टराकडे थोडे पैसे देऊन जाणारा माणूस पुढच्या शिबिराची वाट पाहत दुखणे अंगावर काढू लागतो. शिबिर गेले, दुखणे राहिले, आणि गावच्या डॉक्टरावरचा विश्वासही उणावला.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. ज्या मुलाला आपल्या देशात टाका घालू देत नाहीत, त्याला परक्या देशातील गर्दीच्या दवाखान्यात सुई हाती मिळते, कोठे कोठे बाळंतपणही करू देतात, आणि तो ते अभिमानाने घरी सांगतो. त्या अभिमानामागे दुसऱ्या कोणाची तरी लेक प्रसववेदना सोसत असते, याचे भान सुटते. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने 2011 साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांचा इत्यर्थ एवढाच, की परदेशात गेले म्हणून विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या मर्यादेबाहेरचे उपचार रोग्यावर करू नयेत. हा नियम अमेरिकनांपुरता नाही. ज्या दिवशी आपली मुले पाहुणी म्हणून बाहेर निघाली, त्या दिवसापासून तो आपल्यालाही लागू झाला.

ही जाणीव नवी नव्हे. 1968 साली मेक्सिकोत सेवेसाठी जमलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच या विचारवंताने केलेले भाषण प्रसिद्ध आहे. तुम्ही हा देश पाहावयास या, शिकावयास या, पण उद्धार करण्यासाठी येऊ नका, असा त्याचा रोखठोक आशय होता. इलिच जरा जास्तच कठोर बोलले, असे आम्हांस वाटते. पण त्यांच्या बोलण्यात आमच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

ते असे. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी तीन आठवड्यांत सेवा करू शकत नाही; ती शिकू शकते. म्हणून तिने शिकावयास जावे, आणि त्याला शिकणे हेच नाव द्यावे. नावात काय आहे असे म्हणू नये. सेवा करावयास आलेला माणूस काम मागतो, आणि ते न मिळाल्यास खट्टू होतो. विद्यार्थी म्हणून आलेला माणूस कोपऱ्यात उभा राहून पाहतो, सांगितले तर नोंदवही लिहितो, औषधांच्या कपाटातील मुदत संपलेल्या बाटल्या निवडून ठेवतो, उपकरणे उकळण्यास हात लावतो, आणि तेथील परिचारिकेला गुरू मानतो. साधनांच्या अभावी केवळ हात, डोळे व कान यांच्या बळावर निदान कसे करतात हे तिला जे तेथे दिसेल, ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दिसणार नाही. आणि जे शुल्क भरावयाचे ते दान म्हणून भरू नये. ती तिची गुरुदक्षिणा आहे. मात्र त्या दक्षिणेतले किती दवाखान्यापर्यंत पोहोचते आणि किती मधल्यामध्ये राहते, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आणखीही काही गोष्टी आईने पत्र पाठवून विचाराव्यात. दवाखाना कोण चालवतो. पाहुणे नसताना तो चालू असतो काय? स्वयंसेवक हवेत असे तेथील डॉक्टरांनी कळविले आहे, की पाठविणाऱ्या संस्थेनेच ठरविले आहे? मुलीवर देखरेख कोण करणार, आणि तो नोंदणीकृत डॉक्टर आहे काय? विद्यार्थ्याने काय करू नये, याचे लेखी नियम आहेत काय? जी संस्था या प्रश्नांची सरळ उत्तरे देते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. जी नुसती हसऱ्या मुलांची छायाचित्रे पाठवते, तिच्यापासून दूर राहावे. तुलनेसाठी सांगतो : 1971 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली आणि 1999 साली नोबेल शांतता पुरस्कार मिळालेली 'सीमांविना डॉक्टर' ही संस्था विद्यार्थ्यांना नव्हे, अनुभवी डॉक्टरांना बोलावते, आणि त्यांच्याकडूनही सामान्यतः अनेक महिन्यांची बांधिलकी मागते, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना तेवढी अल्प मुदतीची सवलत असते. तिचे बहुसंख्य कर्मचारी तर त्या त्या देशातलेच असतात.

वडिलांची चिंता रास्त आहे. तिची टर उडवू नये. पण तिला उपाय आहेत. केनिया, युगांडा यांसारख्या देशांत जावयाचे तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते, आणि तीही प्रवासापूर्वी किमान दहा दिवस. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते; ते नसल्यास परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाण्याचा प्रसंग येतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही काळ चालू ठेवाव्या लागतात. घरी आलो म्हणजे संपले, असे समजू नये. रोग्याला टोचलेली सुई चुकून स्वतःला लागली, तर एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचे औषध लवकरात लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. ते त्या दवाखान्यात असते काय, हे आधीच विचारावे. या एकाच प्रश्नाने मुलीला सुयांपासून दूर राहण्याचे महत्त्वही आपोआप कळेल.

राहता राहिला आजींचा प्रश्न. दुरून डोंगर साजरे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे आणि तो अगदी अनाठायी नाही. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. फारसे न शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या जामखेडला आजवर देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी येत आले, ते शिकावयास. नऊवारी नेसलेली बाई बालमृत्यू कसे कमी झाले हे सांगते, आणि परदेशी पदवीधर वहीत टिपून घेतो. पाहुण्याने कसे यावे, याचा वस्तुपाठ आपल्या अंगणातच असताना आपल्या मुलीने तो न पाहता परदेशी जाणे, हे काही बरे नव्हे.

म्हणून आमचा सल्ला असा. आधी एक सुट्टी तिने जामखेडला, किंवा आजी म्हणतात त्या खानापूरच्या जंगलपट्टीतील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथील डॉक्टरांच्या अनुमतीने काढावी. तेथे ना छायाचित्रांचे अप्रूप, ना परदेशाचे आकर्षण; लसीकरणाच्या यादीतील नावे तपासणे आणि आशाताईंबरोबर पायी हिंडणे, एवढेच काम मिळेल. कानडी मोडकीतोडकी असेल तर ती सुधारेल, हा वरचा लाभ. त्या कंटाळवाण्या कामानंतरही जर तिचा आफ्रिकेचा ध्यास कायम राहिला, तर तो खरा समजावा, आणि वडिलांनी तिकीट काढून द्यावे. तोवर तिने तेथील लोकांच्या भाषेतील शंभर-दोनशे शब्द शिकून ठेवावेत. "कोठे दुखते?" हा प्रश्न रोग्याच्या स्वतःच्या बोलीत विचारता आला, तर तीन आठवड्यांच्या पाहुणीनेही तेथे थोडेसे काही दिले, असे म्हणता येईल.